महिन्यात सहा पंक्चर, सगळी मागच्याच चाकाला. टायर बदलू की देवऋषी बघू?

मेडिकलवाली_सातारा

मंडळी, वैतागून लिहितेय, त्यामुळं लांबण लागणार. सांभाळून घ्या.

मी साताऱ्याची. वय ४३, मेडिकलचं दुकान आहे, नऊला शटर उघडावं लागतं म्हणून सायकल पहाटे साडेपाचला. तीन वर्षं हायब्रिड चालवली, जाड टायरची. तिला तीन वर्षांत मिळून दोन पंक्चर, दोन्ही चौकातल्या सायकलवाल्यानं काढली, माझा हात काळा झाला नाही. दिवाळीत हौसेनं रोडबाईक घेतली. ७०० बाय २५ चे, म्हणजे २५ मिलिमीटर रुंदीचे बारीक टायर, बारीक तोंडाचा प्रेस्टा वाल. माझं वजन ६१ किलो. हवा दोन्हीकडं ११० पीएसआय भरते, कारण टायरवर जास्तीत जास्त १२० असं लिहिलंय.

रोजचा रस्ता म्हणजे पोवई नाका, वाढे फाटा, तिथून हायवेला लागून लिंबखिंड, आनेवाडी टोलनाका, पाचवडला चहा आणि परत. चालते पांढऱ्या पट्टीच्या बाहेरून, अगदी कडेनं. रविवारी यवतेश्वरचा घाट चढून कासपर्यंत.

तर गेल्या महिन्याभराचा हिशोब असा. पहिलं पंक्चर आनेवाडीच्या अलीकडं, अंधारात. मोबाईलचा उजेड दातात धरून ट्यूब बदलली, पन्नास मिनिटं लागली. चारच दिवसांनी दुसरं, लिंबखिंडीत. तिसरं तर घरात! रात्री ठणठणीत सायकल लावून झोपले, पहाटे बघते तर चाक जमिनीला टेकलेलं. चौथं परत हायवेला. पाचवं विचारूच नका, चौथं काढून नवी ट्यूब घातली, हवा भरली आणि तिथंच फुस्स. सहावं म्हणजे ट्रक-टेम्पोचं पंक्चर काढणाऱ्या एका टपरीवर हवा भरायला थांबले होते. त्या भल्या माणसानं आधी विचारलं, "ताई, ह्याचा वाल कुठाय?" मी दाखवला. त्यानं त्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड त्यावर बसवायचा इतका मनापासून प्रयत्न केला की वाल बुडातूनच फाटला. पैसे घेतले नाहीत, चहा पाजला वर.

नवऱ्याचं म्हणणं, टायरमध्ये भुसा भर. सासूबाईंनी मिरची-लिंबू दिलंय. हँडलला बांधलंय, खोटं नाही सांगत.

काळजी खरी ही आहे की फेब्रुवारीत २०० किलोमीटरची ब्रेव्हे आहे, म्हणजे ठरल्या वेळात पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, पहिलीच. साडेतेरा तास. अंतर जमेल असं वाटतं, दीडशेपर्यंत केलंय. पण तिथं मागं गाडी ठेवता येत नाही, घरच्यांनी मदत करायची ती फक्त कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी. दर पंक्चरला पन्नास मिनिटं लागली तर मी रात्री कुठंतरी खंडाळ्याच्या आसपास रडत बसलेली सापडेन.

महागातले टायर घ्यावेत का? का ट्यूबलेस करून टाकू, म्हणजे ट्यूबच नाही, टायरमध्ये नुसतं भोक बुजवणारं औषध? का ते ट्यूबमध्ये घालायचं हिरवं औषध असतं ते घालू? (औषध विकणारी बाई औषध विचारतेय, हसा.)

---

वारा_मागून

ट्यूबलेस करा आणि विसरून जा. मी दीड वर्षापूर्वी केलं, पुण्यात रोज ऑफिसला चाळीस किमी होतात. एकदाही रस्त्यात थांबलो नाही. आधी रिम ट्यूबलेसला चालते का ते मात्र बघून घ्या, साध्या रिमवर जबरदस्ती नको.

---

कराडचा_पंप

ताई, नमस्कार. वय वर्षं ६६, सायकलवर पन्नासच्या वर वर्षं, त्यामुळं आगाऊपणा करतो.

कुठलाही टायर घेऊ नका. अजून काहीही घेऊ नका. आधी सांगा, जुन्या ट्यूब फेकल्या का ठेवल्या? तुम्ही इतकं लिहिलंत, वेळ लिहिली, ठिकाण लिहिलं, सासूबाईसुद्धा लिहिल्या. पण भोक ट्यूबला नेमकं कुठं होतं हे एकाही पंक्चरचं लिहिलं नाही. तुम्ही दुकानात बसता. गिऱ्हाईक आलं आणि "दुखतंय, गोळी द्या" म्हणालं, तर तुम्ही आधी काय विचारता?

ट्यूब असतील तर एकेकीत हवा भरा, घमेल्यात बुडवा, बुडबुडा येईल तिथं बॉलपेननं गोल करा. मग तीन गोष्टी लिहून काढा. भोक बाहेरच्या अंगाला आहे का, म्हणजे टायरच्या बाजूला, का आतल्या अंगाला, म्हणजे रिमच्या बाजूला? एक आहे का जोडीनं दोन आहेत? आणि वालपासून किती लांब आहे, टेप लावून मोजा. ट्यूब उलटसुलट घातली जाते, त्यामुळं डावीकडं का उजवीकडं ते सोडून द्या, नुसतं अंतर बघा.

ते लिहा, मग बोलू. वाल फाटलेली ट्यूब मोजू नका. ते पंक्चर नव्हे, प्रेम होतं.

---

कोल्लापुरी_घाटवेडा

काकांनी पेपरच काढला की डायरेक्ट 😄

ताई, हवेचं मात्र आत्ताच सांगतो. ६१ किलोला ११० म्हंजे लईच झालं. टायरवर लिहिलेला आकडा ही वरची हद्द, भरायची मात्रा न्हवं. पंचवीसच्या टायरला तुमच्या वजनाला मागं ८५, पुढं ७५ च्या आसपास भरून बघा. दगडासारखा टायर खड्ड्यावर उडतो, बारीक खड्यावरनं सरकतो आणि तुमचे मनगट-मान कामातनं जातात ते वेगळंच. फ्रेममध्ये जागा असंल तर पुढच्या वेळी २८ घ्या. मी २३ वरनं २८ वर आलो, वेगात काय फरक पडला नाही, गगनबावड्याहून येताना पाठ मात्र जाग्यावर ऱ्हायली.

आणि ट्यूबलेसवाल्या भावा, तुझं चांगलं चाललंय तर चालू दे. पण आतलं औषध उन्हाळ्यात दोन-तीन म्हैन्यांत वाळून त्याची साय धरते, ती खरवडून परत घालावी लागते हे पण सांगत जा की. आमच्या ग्रुपात एकानं वर्षभर बघितलंच न्हाई, आतनं पापड निघाला.

---

मेडिकलवाली_सातारा

काका, निरुत्तर केलंत. गिऱ्हाइकाला मी तीन प्रश्न विचारल्याशिवाय साधी ॲसिडिटीची गोळी देत नाही, आणि इथं सहा वेळा नुसती ट्यूब बदलत गेले.

ट्यूब सगळ्या ठेवल्या होत्या. दुकानाच्या मागच्या खोलीत, रिकाम्या सलाईनच्या खोक्यात. काल दुपारी गिऱ्हाईक कमी होतं तेव्हा बादली घेऊन बसले. (घमेलं गच्चीवर होतं.) पहिली, दुसरी, चौथी अशा नावाच्या चिठ्ठ्या आता लावल्या, पण कुठली कुठली ते लक्षात होतं, कारण दुसरीवर मीच चिडून नेलपॉलिशनं फुली मारली होती.

निकाल असा:

पहिली: बाहेरच्या अंगाला, टाचणीएवढं एकच भोक, वालपासून ४१ सेंटिमीटर.
दुसरी: तसंच. ४० आणि थोडं.
तिसरी: आतल्या अंगाला. भोकाभोवती शर्टाच्या बटणाएवढा गोल वळ उठलाय.
चौथी: बाहेरच्या अंगाला, ४१.
पाचवी: आतल्या बाजूला कडेशी, दोन छोट्या चिरा, एकमेकींपासून बोटाभर.
सहावी: प्रेम.

४१, ४०, ४१ बघितलं आणि पोटात गोळाच आला. तिन्ही ट्यूबना एकाच जागी?

---

कराडचा_पंप

शाब्बास. आता तुम्हालाच कळलंय, पण मला सांगायची हौस आहे.

१, २ आणि ४ हे तीन पंक्चर नव्हेत, एकच आहे. तुमच्या टायरमध्ये काहीतरी घुसून बसलंय आणि अजून तिथंच आहे. तुम्ही दर वेळी टायरची एकच कड काढून ट्यूब बदलता, टायर जागचा फिरत नाही, म्हणून दर नवीन ट्यूबला त्याच अंतरावर डंख. पैज लावून सांगतो, तार असणार. ट्रकचे रेडियल टायर फुटतात, त्यांच्या पोटात पोलादी तारांचं जाळं असतं. त्या केसासारख्या बारीक तारा तुटून रस्त्यावर पडतात. गाड्यांची चाकं सगळा केर कडेला झाडून लावतात आणि तुम्ही बरोबर त्या केरातून चालता. पांढऱ्या पट्टीवरून किंवा तिच्या किंचित आतून चाला, मागचं दिसायला आरसा लावा.

शोधायची कशी? बोट फिरवून सापडत नाही, आणि सापडली तर बोटात सापडते. कापसाचा बोळा घ्या, टायरच्या आतून हलक्या हातानं फिरवा. जिथं कापूस अडकेल, तिथं तार. तुमच्याकडं कापसाला तोटा नसावा.

३ नंबर म्हणजे रिमटेप सरकलीय. रिमच्या आतल्या बाजूला आऱ्यांच्या टोकांसाठी भोकं असतात, त्यावरची पट्टी हलली की ११० च्या दाबानं ट्यूब त्या भोकात फुगून बसते आणि एक दिवस फाटते. तो बटणाएवढा वळ म्हणजे त्या भोकाचा शिक्का. कापडी रिमटेप नवीन लावा, रिमच्या तळाच्या मापाची.

५ वर जरा बोलायचंय. दोन चिरा जोडीनं म्हटल्यावर कोणीही म्हणेल की खड्ड्यात रिमनं ट्यूब चावली. पण ६१ किलोची बाई, ११० हवा, आणि सायकल तेव्हा उभी होती. ते होणं नाही. ताई, खरं सांगा, टायर परत बसवताना तुम्ही काय वापरलंत?

---

मेडिकलवाली_सातारा

स्टीलचा चमचा. 🙈

टायर उचकटायच्या लिव्हरची जोडी पहिल्याच पंक्चरला त्या अंधारात आनेवाडीला विसरले. काका, तुम्ही पोलिसात होतात का?

तार सापडली! काल रात्री दुकान बंद केल्यावर टायर पूर्ण काढला आणि कापूस फिरवला. पहिल्या फेरीत काही नाही. दुसऱ्या फेरीत अगदी हलका झटका लागला आणि कापसाचा एक तंतू टायरला चिकटून उभा राहिला. भिंग लावून पाहिलं तेव्हा अर्धा मिलिमीटर टोक दिसलं, तेही तिरपं करून उजेडात धरल्यावर. नखानं निघेना. शेवटी काटा काढायचा चिमटा होता, त्यानं आतून धरून ओढली. साडेतीन मिलिमीटर. वजनच नाही तिला! पांढऱ्या टेपवर चिकटवून काउंटरच्या काचेखाली ठेवलीय. या तारेनं माझ्या तीन ट्यूब खाल्ल्या.

म्हणजे सहापैकी रस्त्यानं मला एकच पंक्चर दिलं. बाकीची घरची.

---

नाशिकची_पहाट

ताई, मी चार ब्रेव्हे केल्यात (पहिलीत वेळेबाहेर गेले, तेही पंक्चरमुळंच), म्हणून चमच्यावर बोलते.

टायर परत बसवताना लिव्हर लागायलाच नको. गंमत रिमच्या आकारात आहे. रिमच्या मधोमध एक खोलगट चर असते. टायरची कड कडेच्या कंगोऱ्यावर असते तेव्हा ताठ असते, पण ती चरीत ढकलली की तेवढीच ढील मिळते. म्हणून सुरुवात वालच्या समोरून करायची आणि शेवट वालपाशी. दोन्ही हातांनी दोन्हीकडून टायर चिमटत चिमटत, कड मधल्या चरीत पाडत वालकडं यायचं, पोळी लाटताना कडेचा जाड भाग पुढं सारत नेतो ना, तसं. शेवटची वीतभर कड अडते. तिथं ताकद लावायची नाही. परत समोर जाऊन ढील गोळा करून आणायची, मग ती तळहाताच्या गादीनं आत ढकलली जाते. त्याआधी ट्यूबमध्ये तोंडानं फुंकल्याइतकी हवा भरलेली असावी म्हणजे ती गोल राहते, चिमटीत सापडत नाही. आणि शेवटी वाल एकदा आत दाबून परत ओढायचा, बुडाशी ट्यूब कडेखाली अडकली असेल तर सुटते.

मी हे हॉलमध्ये टीव्ही बघता बघता रोज एकदा केलं, आठवडाभर. पहिल्या दिवशी २५ मिनिटं, शेवटी नऊ. मागचं चाक मुद्दाम. चेन सगळ्यात लहान चकतीवर आणून मग चाक काढायचं, नाहीतर डिरेलर (गिअर बदलणारा मागचा भाग) आडवा येतो आणि आपण त्याच्याशी भांडत बसतो.

आणखी एक सवय लावून घ्या. टायरवरचा कंपनीच्या नावाचा शिक्का बरोबर वालपाशी येईल असा बसवा. म्हणजे भोक ट्यूबमध्ये सापडलं की टायरमध्ये कुठं शोधायचं ते लगेच कळतं, दोन जागा बघितल्या की झालं. काका ते टेपनं मोजायला लावतात, रात्री रस्त्याच्या कडेला टेप कुठली आणायची?

ब्रेव्हेला सोबत दोन ट्यूब, पॅच, लिव्हर दोन, बारका पंप. गॅसचं नळकांडं नेलंत तर एकच न्या. चटकन भरतं, पण तो गॅस रबरातून लवकर झिरपतो, दुसऱ्या दिवशी टायर मऊ लागतो, तेव्हा घरी आल्यावर साधी हवा भरा. आणि प्रेस्टाच्या वालवर बसणारी पितळी टोपी मिळते, शेंगदाण्याएवढी. ती बसवली की स्कूटरच्या हवेच्या पाइपनं भरता येतं. मी तर कायम वालवरच लावून ठेवते. ती असती तर तुमच्या टपरीवाल्याचं प्रेम वाचलं असतं. ब्रेव्हेला परावर्तक जाकीट आणि मागचा लाल दिवा दोन्ही लागतात, ते तुम्हाला माहीत असेलच.

---

कोल्लापुरी_घाटवेडा

वैनी, पोळीची उपमा फ्रेम करून ठेवली.

ताई, टायर कुठंतरी चिरला असंल तर आतनं दहाची नोट चौघडी घालून लावा नि मग ट्यूब भरा, घरापतूर येतंय. बिस्किटाच्या पुड्याचा कागद पण चालतो. आणि आता गळीत हंगाम सुरू हाय, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागनं जाऊ नका. कडेचं शेत राखायला लोक बाभळीच्या फांद्या टाकतात आणि सराटे तर सगळीकडंच. ओला रस्ता असला तर अजून बेक्कार, ओल्या रबरात काटा लोण्यासारखा जातो.

---

वारा_मागून

मी गप्प बसतो. काल टायर उघडला. पापडच होता.

---

मेडिकलवाली_सातारा

अकरा दिवसांनी येतेय. रिमटेप बदलली, हवा ८५ आणि ७५. पाचवडपर्यंतचा रस्ता तोच, पण आता माझ्या मनगटांना मुंग्या येत नाहीत. हे आधी का कुणी सांगितलं नाही? मला वाटायचं, वय झालं.

हॉलमधला सराव सात दिवस केला. मुलगा स्टॉपवॉच लावून बसायचा आणि "आई, हारलीस" म्हणायचा. सगळ्यात कमी वेळ १२ मिनिटं.

आणि काल रविवारी कासहून उतरताना सातवं पंक्चर झालं. पुढचं चाक! बदल म्हणून बरं वाटलं. यवतेश्वरच्या वरच्या अंगाला दरड खणलीय तिथल्या सावलीत थांबले. आधी ट्यूब काढली, भोक शोधलं, बाहेरच्या अंगाला, शिक्क्यापासून वीतभर. टायरला त्याच जागी बाभळीचा काटा, चांगला काळाकुट्ट, जाड. तारेपुढं हा अगदीच सभ्य वाटला, बाहेरूनच दिसला आणि हातानं निघाला. तरी कापूस फिरवलाच. दुसरं काही नव्हतं. वालच्या समोरून सुरू करून वालपाशी संपवलं, शेवटची वीत अडली, परत फिरून ढील आणली, गेली आत. लिव्हर पिशवीतच राहिली. बारक्या पंपानं दोनशेच्या वर हापसे मारले, हात भरून आले. सगळं मिळून १९ मिनिटं.

हात काळे होतात म्हणून दुकानातले सर्जिकल हातमोजे घालून बसले होते. शेजारी कापूस, चिमटा, पसरलेला पांढरा रुमाल. शेळ्या घेऊन एक आजोबा आले, बराच वेळ काठीवर हनुवटी टेकवून बघत उभे राहिले. मग म्हणाले, "मेडिकलातल्या बाई न्हवं तुमी?" मी हो म्हणाले. "मग हितं काय, बाळंतपण हाय व्हय?"

त्यांच्या बीपीच्या गोळ्या संपल्यात. आज दुपारी नातू येणार आहे घ्यायला, काढून ठेवल्यात.

काका, एक राहिलं. पॅचला सोल्युशन लावल्यावर किती वेळ थांबायचं? ओलं असतानाच चिकटवलं तर सुटतो का? जुन्या पाच ट्यूब जोडून ठेवाव्या म्हणते.

---

कराडचा_पंप

सुटतो. आधी पॉलिश पेपरनं घासून ट्यूबची चकाकी घालवा, सोल्युशन पॅचपेक्षा मोठ्या गोलात पातळ पसरा आणि बोटाला चिकटेनासं होईपर्यंत वाळू द्या, पाच एक मिनिटं. फुंकर मारायची नाही, तोंडची वाफ बसते. मग पॅच दाबून धरा आणि वरून थोडी पावडर. पाचवी ट्यूब टाकून द्या, दोन चिरा कडेला आहेत, भरवशाची नाही. बाकी चार वापरा.

तार मात्र टाकू नका. कराडला याल तेव्हा बघायचीय मला.